वायफायचं विरजण

गुरुवारी दुपारी दोनलाच रामरावांनी परतूरच्या मोंढा बाजारातल्या आपल्या सरकी-पेंडीच्या दुकानाचं शटर ओढलं, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने काळजीने विचारलं, "घरी समदं ठीक हाये ना?" वीस वर्षांत रामरावांनी भर दिवसा दुकान बंद केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "थोडं काम हाये," एवढंच म्हणून ते निघाले. काम असं होतं की त्यांना टीव्ही बघायचा होता.

त्यांची मुलगी वंदना जालना जिल्ह्याच्या संघातून राज्य खो-खो स्पर्धेत खेळायला सांगलीला गेली होती. सामना साडेचारला होता आणि स्पर्धावाले तो यूट्यूबवर थेट दाखवणार होते. वंदना सातवीपासून खेळत होती, आता ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि या सगळ्या काळात रामरावांनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता. सामने नेमके कापसाच्या हंगामात येतात, हे त्यांचं कारण खरं होतं. दरवर्षी खरं होतं. परवा फोनवर ती म्हणाली, "आबा, आता तर घरी बसून दिसतंय. आतातरी बघताल का?" रामराव "बघतो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन टीव्हीला मागून खोचायची ती नेटची कांडी घेऊन आले.

"मोबाइलवरच बघू की, आबा," त्यांचा मुलगा हरिओम म्हणाला होता.

"पोरगी पहिल्यांदा टीव्हीवर येऊन राह्यली, आन् मी तिला तंबाखूच्या डबीएवढ्या काचेत बघू का? त्यात कोण आपली आन् कोण लोकाची, हे तरी कळंल का मला?"

अडीच वाजता कांडी टीव्हीला लागली. पडद्यावर निळा उजेड आला, कंपनीचं चिन्ह गोल फिरलं, घरातल्या वायफायचं नाव दिसलं आणि पाठोपाठ ओळ उमटली : जोडता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

हरिओमने भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती आणि तो एका शिकवणीत अकरावी-बारावीला शिकवायचा. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे बदललं ते लिहून ठेवायचं, असा त्याचा नियम होता. त्याने वही काढली, तारीख टाकली, पट्टीने रकाने आखले. रामरावांनी डोकावून पाहिलं तर पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, ‘निरीक्षण : जोडलं जात नाही.’

"हे तर मलाबी दिसून राह्यलं," रामराव म्हणाले.

"आबा, आधी अंतर तपासू."

वायफायचा डबा स्वयंपाकघरात होता, कारण वायरवाल्याला त्याच खिडकीतून वायर आत घेणं सोपं पडलं होतं. टीव्ही बैठकीत. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. लोखंड लहरी अडवतं, असं हरिओमने सांगितलं. डबा टीव्हीजवळ आणावा तर वायर हातभर कमी पडत होती. म्हणून टीव्हीच डब्याजवळ न्यायचं ठरलं. भिंतीवरचे चार स्क्रू काढून बापलेकांनी टीव्ही स्वयंपाकघरात नेला आणि पिठाच्या मोठ्या डब्यावर भिंतीला टेकवून ठेवला.

"आवो, आता पीठ कुठून काढू मी?" झुंबरबाई म्हणाल्या. "सांजच्याला ताटात काय रिमोट वाढू का?"

टीव्ही वायफायपासून दोन विती अंतरावर आला. जोडता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. हरिओमने वहीत अंतराच्या पुढे फुली मारली.

"मंग तुझ्या मोबाइलचं नेट दे तिला," रामराव म्हणाले.

"रोजचा दीड जीबी असतो, आबा. तो संपला."

"सकाळधरनं काय केलं त्याचं?"

"शिकवणीत बसून ही कांडी कशी जोडायची त्याचे व्हिडिओ बघितले."

सव्वातीन झाले. हरिओमने वायफायवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी डबा बंद करून चालू करायला सांगितला, मग पुन्हा तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदा तेच सांगून झाल्यावर विचारलं, "सर, आपल्याकडे एकूण किती उपकरणं जोडलेली आहेत? आपल्या प्लॅनला एका वेळी आठच चालतात."

"आमच्या घरात तीन मोबाइल आहेत फक्त," हरिओम अभिमानाने म्हणाला आणि खात्रीसाठी त्याने डब्याची यादी उघडली. यादीत आठ नावं होती.

"तुमचा मोबाइल, माझा, मायचा. हे झाले तीन," तो वाचू लागला. "मंग अकिबचा टीव्ही. ज्योत्स्ना टेलर. बेबीनंदा. राधेश्याम. आन् परत राधेश्याम."

"राधेश्याम दोनदा कामून?"

"एक दुकानातला असंल," झुंबरबाई ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या.

बापलेकांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. झुंबरबाईंनी ओटा आणखी जोरात पुसायला घेतला.

"तू दिलं समद्यांना?" रामरावांनी विचारलं.

"मागायला आल्ते. दिलं. दारात आलेल्याला न्हाई म्हणू का? वीस वर्षं झाले, गल्लीत कोणी विरजण मागितलं आन् मी न्हाई म्हणले, असं झालंय का कधी? आपण इमामबीकडून आणत न्हाई का? दिल्यानं काय कमी होतंय?"

"माय, विरजण निराळं," हरिओम म्हणाला. "याच्यात कमी होतंय. आठच जण बसतेत यात."

"मंग घेतानाच मोठं घ्यायचं."

हरिओमने समजावून पाहिलं, की फक्त तासाभराचा प्रश्न आहे. पाच दारांत जाऊन ‘थोडा वेळ बंद करा’ एवढंच सांगायचं.

"दिलेलं परत मागू?" झुंबरबाईंनी फडकं खाली ठेवलं. "वाटीतलं विरजण परत मागितल्यावाणी? मला न्हाई जमायचं. तुझ्या आबांना पाठव."

हरिओमने आबांकडे पाहिलं. रामरावांनी घड्याळाकडे पाहिलं. बायकोचं म्हणणं त्यांना चुकीचं वाटेना, ही खरी अडचण होती. मोंढ्यात पैशासाठी ते कुणाशीही तासभर भांडले असते. पण शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ‘आमचं नेट सोडा’ म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

"आपलेच तीन मोबाइल बंद करा," ते म्हणाले. "तीन जागा रिकाम्या व्हतील. कांडीला एकच पाहिजे."

हे गणित इतकं सरळ होतं की ते आपल्याला आधी सुचलं नाही याचं हरिओमला वाईट वाटलं. तिन्ही मोबाइलचं वायफाय बंद झालं. पण कांडीला झोपेतून उठून वायफाय शोधायला चाळीस सेकंद लागत होते. हरिओमने घड्याळ लावून मोजले. परतूरच्या स्टँडवर एसटी लागली की माणूस चढायच्या आधी खिडकीतून रुमाल आत जातो, तसं झालं. कांडी दारापाशी पोचली तेव्हा तिन्ही जागांवर रुमाल पडलेले होते.

"आता कोण घुसलं?" रामरावांनी विचारलं.

"नंदाबाई. दीपमाला. आन् राधेश्याम."

"तिसरा राधेश्याम?"

"दीपमालाला मी न्हाई दिलं," झुंबरबाई म्हणाल्या. "तिला नंदाबाईनं दिलं असंल."

विरजणाचंही तसंच असतं. एकदा घरातून वाटीभर गेलं, की पुढे कोणत्या घरात दही लागतंय त्याचा हिशेब राहत नाही.

चार वाजून दहा मिनिटं झाली. हरिओमने वही मिटली आणि पासवर्डच बदलून टाकला. जुना होता एकपासून आठपर्यंत ओळीने आकडे. नवा त्याने शास्त्रशुद्ध केला : सोळा खुणा, लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे, मधे टक्क्याचं चिन्ह. तो एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चुंबकाने लावला. आठही जण एका फटक्यात बाहेर पडले.

आता फक्त सोळा खुणा कांडीला सांगायच्या होत्या. रिमोटवर अक्षरं नव्हती. चार दिशांच्या चार बाणांनी पडद्यावरच्या एकेका अक्षरापर्यंत चालत जायचं आणि ते उचलायचं. हरिओम फ्रिजकडे बघायचा, टीव्हीकडे वळायचा, बाण दाबायचा. अकराव्या खुणेला बोट घसरलं आणि सगळं पुसलं गेलं. त्याने पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात दारात हाक आली. "काकू, नेट गेलं का वो?"

"गेलं न्हाई, बदललंय हरिओमनं," झुंबरबाईंचा आवाज आला. "थांब, देते."

हरिओमने सातवी खूण उचलली आणि आठवीसाठी फ्रिजकडे पाहिलं. फ्रिजवर चुंबक तेवढं राहिलं होतं.

"माय, चिठ्ठी कुठंय?"

"देऊन राह्यले ना. समदे फोटो काढून घेऊन राह्यलेत, मंग आणते."

दारात बऱ्याच चपला जमलेल्या रामरावांना दिसल्या. चिठ्ठी या हातातून त्या हातात जात होती. ती फ्रिजवर परत आली तेव्हा तिच्यावर ज्योत्स्ना टेलरच्या खडूचं बोट उमटलं होतं आणि यादीत पुन्हा आठ नावं होती. साडेचार वाजून पाच मिनिटं झाली होती.

जोडता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

रामराव पाटावर बसले. संध्याकाळी तिचा फोन येईल, त्यांनी मनात म्हटलं, आणि ती विचारणारसुद्धा नाही. हंगाम कसा चाललाय ते विचारील, पेंडीचा भाव विचारील, आणि बाकीचं सोडून देईल. दरवर्षी सोडते तसं.

"रामरावभाऊ." दारात शेजारचे फकरोद्दीन उभे होते. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर टेकवलेला टीव्ही आणि त्यापुढे पाटावर बसलेले रामराव, हे त्यांनी थोडा वेळ नीट पाहून घेतलं. "पूजा चालू हाये का?"

"कांडी जोडून राह्यलो."

"अन् तिकडं वंदना मैदानात उतरली ना. चला जल्दी. समदी गल्ली आमच्याच घरात बसली. मोबाइलवर चित्र अटकून राह्यलं, म्हणून आमच्या अकिबनं समद्यांना टीव्हीसमोर बसवलं."

"समदी गल्ली वंदनाला बघून राह्यली?"

"वहिनींनी तर सकाळीच सांगितलं घरोघर. तुम्हाला काय वाटलं, लोकं नेट कशापायी मागून राह्यले?"

रामरावांनी झुंबरबाईंकडे पाहिलं. त्या पदर सारखा करून चपला शोधत होत्या. "मी आता या कांडीला सोडत न्हाई," हरिओम रिमोट घट्ट धरून म्हणाला, आणि त्याला तिथेच ठेवून दोघं निघाले.

फकरोद्दीनच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या बायकोने, इमामबीने, सगळ्यांना मोबाइलचं वायफाय बंद करायला लावलं होतं. अकिब प्रत्येकाचा मोबाइल तपासून मगच आत घेत होता. रामरावांना पुढची खुर्ची मिळाली. पडद्यावर नऊ नंबरची बनियन घातलेली एक पोरगी खांबाभोवती वाऱ्यासारखी फिरत होती. घरात पाण्याचा हंडा उचलताना कंबर दुखते म्हणणारी ती हीच, हे पटायला रामरावांना वेळ लागला.

"ही नुसती पळून कामून राह्यली?" ते हळूच म्हणाले. "कोणाला शिवायचं न्हाई का?"

"शिवायचं काम समोरच्यांचं, भाऊ," इमामबी मागून म्हणाली. "वंदना बचावाला हाये. जितना टिकंल तितना अच्छा. आपण एकानं पुढं हाओत. आणखीन एक मिनिट टिकली की मॅच आपली."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"दो साल झाले, तिची दाखवलेली एक मॅच सोडली न्हाई मी. तुमच्याच नेटवर."

 रामरावांनी पुढे वाकून बघायला सुरुवात केली. वंदनाने डावीकडे हूल दिली, उजवीकडून निघाली, बसलेल्या दोघींच्या मधून सुटली. वीस सेकंद राहिले होते. समोरची उंच पोरगी झेपावली, तिचा पंजा वंदनाच्या पाठीपासून चार बोटांवर आला, आणि चित्र थांबलं. मधोमध एक पांढरं कडं गोल फिरू लागलं.

बैठकीत एक सामुदायिक हुंकार उठला. कुणी मोबाइल चालू केला की काय म्हणून अकिब सगळ्यांकडे रोखून बघू लागला. एवढ्यात दारातून हरिओम धापा टाकत आत आला. त्याच्या चेहऱ्यावर तीन तासांत पहिल्यांदा उजेड होता.

"आबा, लागला आपला टीव्ही. जागा मोकळ्या झाल्या आन् बराबर जोडला गेला."

"मॅच दिसून राह्यली का त्याच्यात?"

"अजून न्हाई. आधी ती कांडी स्वतःचं नवं सॉफ्टवेअर उतरवून घेऊन राह्यली. मोठं हाये. समदं नेट वढतंय, पण चाळीस टक्के झालं."

आख्ख्या बैठकीने माना वळवून हरिओमकडे पाहिलं.

"हरिओम," रामराव शांतपणे म्हणाले, "जा, ती कांडी उपटून ये."

"मधेच काढली तर बिघडंल, आबा. एवढा खर्चा करून..."

"खर्चा मी केलाय. उपट."

हरिओम पळाला. पांढरं कडं फिरत राहिलं. वंदना हवेत अर्धी वाकलेली आणि मागे तो पंजा. मग कडं गेलं. पंजा रिकाम्या हवेतून खाली आला, वंदना त्याच्या आतल्या अंगाने सटकली, खांब वळली, पुन्हा एकदा सुटली, आणि शिट्टी वाजली. ती मैदानातच गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

"भाऊ, बसा की खाली," मागून इमामबीचा आवाज आला. "मागच्यांना कायबी दिसंना. पोरगी काय एकट्या तुमचीच हाये का?"