अर्ध्या खाडीनंतरची कळ

हृदय हा अवयव मायदेशात कुठेही, केव्हाही आणि फुकट बंद पडू शकतो. परदेशात बंद पडण्यासाठी मात्र त्याला आगाऊ परवानगी लागते. ही व्यवस्था कुणाला सुचली ते माहीत नाही, पण माणसाच्या जिवाची इतकी बारीक चौकशी त्याची आईसुद्धा करत नाही.

श्री. रॉयस्टन पिकर्सगिल, वय एकाहत्तर, राहणार वेकफिल्ड, इंग्लंड, निवृत्त वाहन-परीक्षक. शिकाऊ चालकाच्या शेजारी मांडीवर कागद घेऊन बसायचं आणि माणसं नापास करायची, हे काम त्यानं एकतीस वर्षं निष्ठेनं केलं. गावातली निम्मी माणसं त्याला ओळखायची आणि त्यातली निम्मी त्याला पाहून रस्ता ओलांडायची (आरसा न बघता, अशी त्याची तक्रार). सव्वीस वर्षं दर सप्टेंबरात तो आणि बायको ग्लेनिस गाडीला कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून फ्रान्सला, सोम नदीच्या मुखाशी, एकाच तळावर जात. शेजारची जागा वेकफिल्डच्याच हॅगर्टीची असे. घरी वर्षभर ज्यांना टाळावं लागतं, त्यांच्या शेजारी पंधरा दिवस राहता यावं म्हणूनच तर माणूस परदेशी जातो.

गेल्या फेब्रुवारीत रॉयला हृदयविकाराचा झटका आला आणि दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरात खुशाल जा. परवाना खातं म्हणालं, चार आठवडे थांबा आणि चालवा. म्हणजे दीड टनाची कॅरॅव्हॅन ओढत परक्या देशात रस्त्याच्या उलट्या बाजूनं धावायला तो सरकारमान्य लायक होता. त्याच कॅरॅव्हॅनसमोर घडीच्या खुर्चीत बसायला लायक आहे का, एवढंच प्रवास-विमा कंपनीनं ठरवायचं होतं.

कंपनीची टॅम्सिन नावाची मुलगी जूनमध्ये फोनवर आली आणि तिनं त्रेचाळीस प्रश्न विचारले. दम लागतो का, पाय सुजतात का, उशा किती घेता, छातीत दुखतं का. रॉयनं खरी उत्तरं दिली. तेव्हा काहीच दुखत नव्हतं. एकेचाळिसावा प्रश्न मात्र त्याला जरा गहन वाटला.

"एखाद्या तपासणीची वाट बघताय का, मिस्टर पिकर्सगिल?"

"बघत असलो तर?"

"तर विमा नाही मिळणार. तपासणी झालेली असली तर चालतं. डॉक्टरनं सांगितलीच नसली तरी चालतं. सांगितलीय आणि व्हायचीय, असं नाही चालत."

"म्हणजे डॉक्टरकडे गेलाच नाही तो माणूस सगळ्यात ठणठणीत?"

"आमच्या संगणकात, हो," टॅम्सिन म्हणाली. मुलगी प्रामाणिक होती. तिनं पुढे हेही सांगितलं की मधल्या काळात काही नवीन दुखलं-खुपलं तर कळवायचं, नाहीतर करार रद्द.

जुलैत नवीन दुखलं. मळ्याच्या चढावर खताचं पोतं नेताना छातीत कळ आली आणि दोन मिनिटांनी गेली. रॉयनं पोत्यावर बसून हिशेबी विचार केला. डॉक्टरकडे गेलं की तो तपासणी सांगणार. तपासणीची प्रतीक्षायादी चौदा महिन्यांची. चौदा महिने विमा नाही. सरकारी कार्डावर फ्रान्समध्ये उपचार मिळतात, पण तिथून माणूस, बायको आणि कॅरॅव्हॅन घरी आणून देणं सरकारच्या कामात बसत नाही. आणि ग्लेनिसला गाडी येत नव्हती. (लग्नानंतर रॉयनं तिला दोन दिवस शिकवली. तिसऱ्या दिवशी गाडी की संसार असा प्रश्न आला, तेव्हा दोघांनी संसार निवडला.) तेव्हा डॉक्टरकडे जाणं प्रकृतीला अपायकारक आहे, हे सिद्ध झालं. कळ आली की रॉय "पोर्क पाय बाधला" म्हणू लागला. त्या देशातल्या निम्म्या हृदयविकारांना पोर्क पाय हा डुकराच्या मांसाचा पदार्थ जामीन राहिलेला आहे.

सप्टेंबरात ते गेले. सहाव्या दिवशी सकाळी नळावरून पाण्याचा कॅन आणताना कळ आली ती जायचं नाव घेईना. जबड्यात शिरली, डाव्या हातात उतरली. रॉयनं कॅन खाली ठेवला आणि कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. हॅगर्टी बघत होता.

"काय रॉय, बरा आहेस ना?"

"तक्रार नाही," रॉय म्हणाला. सर्दीपासून पाय कापण्यापर्यंतच्या सगळ्या अवस्था त्या देशात या दोन शब्दांत मावतात.

तो कॅरॅव्हॅनमध्ये आला तेव्हा ग्लेनिस कपबशा कागदात गुंडाळत होती. "रॉय, आजच निघायचं का रे? मला या चीजचा कंटाळा आलाय."

ते चीज ती सव्वीस वर्षं खात होती. एरवी रॉयला शंका आली असती, पण सुटलेला माणूस खोलात शिरत नाही. "तू म्हणतेस तर निघू," असा तो उदार झाला.

कॅले बंदर एकशे दहा किलोमीटरवर. रॉय घाबरला होता, हे सरळच सांगायला हवं. मरणाला नव्हे. रस्त्यात अडकलेल्यांचं सक्तीचं पिवळं जाकीट घालून कॅरॅव्हॅनशेजारी एकटी उभी राहिलेली ग्लेनिस त्याला दिसत होती, फ्रेंच माणसांशी मोठ्यांदा इंग्रजी बोलणारी. म्हणून त्यानं गाडी आयुष्यात चालवली नव्हती इतकी नियमानं चालवली. दोनदा स्वच्छतागृहाच्या नावानं थांबून त्यानं जिभेखाली औषधाचा फवारा मारला. एकूण चुका शून्य. अशा उमेदवाराला त्यानं स्वतःही पास केलं असतं. (पंधरा मिनिटं कळ राहिली तर गाडी थांबवून रुग्णवाहिका बोलवावी, असं फवाऱ्याच्या चिठ्ठीत होतं. पण ती चिठ्ठी इंग्लंडमध्ये छापलेली होती.)

बोट सुटल्यावर त्यानं एका कर्मचाऱ्याला गाठलं. "इंग्लिश खाडीच्या मध्यावर कधी येतो आपण?"

"पाऊण तासानं. फोटो काढायचाय का?"

"तसंच काहीसं."

त्याचा तर्क बिनतोड होता. मध्याच्या आधी माणूस कोसळला तर बोट कॅलेला परत फिरवतील. मध्यानंतर ती पुढेच जाईल. तेव्हा पाऊण तास तो घड्याळाकडे बघत, घामानं भिजलेला, गार होत चाललेल्या चहासमोर बसला. सेहेचाळिसाव्या मिनिटाला त्यानं ग्लेनिसचा हात धरला.

"ग्लेनिस, माझ्या छातीत दुखतंय. सकाळपासून. आणि खरं म्हणजे जुलैपासून."

"माहितेय मला."

"माहितेय?"

"सेहेचाळीस वर्षं शेजारी झोपतेय रे. तुझं घोरणं बदललंय. मीच कंपनीला फोन करून सांगितलं." तिनं पर्समधून चार घड्या घातलेलं पत्र काढलं. दोन ऑगस्टचं होतं. सामान, दात, कुत्र्याचा चावा आणि वैयक्तिक जबाबदारी हे सगळं विम्यात होतं. हृदय वगळलं होतं.

रॉयनं पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे नसलेल्या विम्यासाठी मी एकशे दहा किलोमीटर दुखणं लपवलं?"

"आणि नसलेल्या दुखण्यासाठी मी पत्र लपवलं. तूच म्हणायचास ना, पोर्क पाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला जायचं होतं ना रे. फेब्रुवारीपासून नकाशे काढून बसला होतास." ग्लेनिसला रडू कोसळलं. "वाटेत मेला असतास ना रॉय, तर जिवंत सोडलं नसतं मी तुला!"

मग ती उठली आणि जन्मात पहिल्यांदा, चहाच्या काउंटरवरची रांग मोडून, बोटभर ऐकू जाईल अशा आवाजात मदतीला ओरडली. रांगेतल्या माणसांनी तिच्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं.

डोव्हरच्या धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. गाडी आणि कॅरॅव्हॅन एका खलाशानं उतरवली (आरसा न बघता, रॉयनं स्ट्रेचरवरून पाहिलं). आणि इथे त्या देशाच्या आरोग्यखात्याचं कौतुक करावंच लागेल. जुलैत स्वतःच्या पायांनी गेला असता तर ज्या तपासणीला चौदा महिने लागले असते, ती आडवा नेल्यावर चाळीस मिनिटांत झाली. रुग्णानं थोडी वाट पाहून नीट मरायला टेकावं, एवढीच खात्याची अपेक्षा आहे, आणि बहुतेक लोक ती पूर्ण करतात. तिसरा स्टेंट बसला. रॉय वाचला.

स्टेंट बसवण्याआधी तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "दुखणं कधीपासून आहे?"

"आत्ताच," पिकर्सगिल पती-पत्नी एका सुरात म्हणाले. "विशेष काही नाही."

बाईंनी तसं लिहून घेतलं.

वाचकहो, तुम्हाला ही माणसं वेडगळ वाटली असतील आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे असं चालत नाही. आपल्याला दुखलं की आपण सांगतो. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून आपण थांबतो, ते केवळ मोबाइलवर काही महत्त्वाचं आलंय का ते बघायला. तुम्ही आत्ता तिथेच उभे राहून हे वाचत असाल तर गोष्ट संपली आहे. उरलेला मजला सावकाश चढा. घरी कुणी उशीर का झाला विचारलं, तर वाचत होतो म्हणून सांगा.