दुसर्‍या पिढीची जमिनीवरची पकड

रीतसर या शब्दाने आजवर जेवढी घरं अडचणीत आणली असतील तेवढी दारूनेसुद्धा आणली नसतील. धनेशने ठरवलं की या वेळी गाडी रीतसर घ्यायची.

मागची गाडी त्याने अशीच घेतली होती. रंग आवडला, घेतली. छोटीशी, लाल, गोजिरवाणी. घरी आणल्यावर कळलं की तिच्यात बाबा बसू शकतात, पण उठू शकत नाहीत. धनेशचे वडील, म्हणजे आनंदाशेठ, सहा फुटी माणूस. अर्धं आयुष्य मिठागरात उभं राहून काढलेलं, त्यामुळे गुडघे कायमचे रुसलेले. त्यांना त्या गाडीतून बाहेर काढायचं म्हणजे धनेशने पुढून ओढायचं, आईने मागून ढकलायचं आणि मनिषाने, म्हणजे धनेशच्या बायकोने, दार धरून उभं राहायचं. रोडपालीच्या त्यांच्या सोसायटीतला वॉचमन हे बघायला खुर्ची घेऊन यायचा. म्हणून आता उंच गाडी हवी होती. एसयूव्हीच, पण आटोपशीर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल अशी. आणि बाबांना आधी सांगायचं नाही, एकदम दारात उभी करायची, असा बेत होता. (बेत चांगलाच होता. धनेशचे बेत नेहमीच चांगले असतात, तक्रार पुढच्या भागाबद्दल असते.)

धनेश एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. खुर्च्या घ्यायच्या असोत की झाडू, आधी तुलनात्मक तक्ता, मग निरीक्षणे, मग शिफारस, अशी अठरा वर्षांची सवय. त्यात त्याचं शासकीय मराठी फार चोख. साहेब 'मीटिंग' म्हणाले तरी हा 'बैठक' लिहिणार. त्यामुळे त्याला पसंत पडलेल्या गाडीची फर्स्ट, सेकंड आणि थर्ड अशी तीन जनरेशन्स आहेत हे कळल्यावर त्याने शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर 'वाहन खरेदीबाबत' असा विषय टाकला आणि पुढच्या पानापासून पहिली पिढी, दुसरी पिढी, तिसरी पिढी असे रकाने आखले. (गाडीचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक आपल्याच गाडीबद्दल लिहिलंय समजून रागावतील.)

माहिती पुरवायला अझहर होता. अझहर हा गावातल्या अब्दुल्लाचाचांचा मुलगा, शाळेत धनेशच्या वर्गातला. पळस्पे फाट्याच्या पुढे, शिरढोणच्या अलीकडे त्याचा जुन्या गाड्यांचा यार्ड होता आणि योगायोगाने तिन्ही पिढ्या त्याच्या दारात उभ्या होत्या. धनेश तिथे दोन रविवार वही घेऊन फिरला. तिसर्‍या रविवारी वही पूर्ण झाली. त्याने पुठ्ठ्यावर लाल पेनाने 'गोपनीय' असं लिहिलं आणि ती टीव्हीखालच्या खणात, बाबांच्या बीपीच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवली.

गोपनीय लिहिलेलं न वाचणारा माणूस पनवेल तालुक्यात अजून जन्माला यायचाय. पण तेही एक वेळ निभावलं असतं. झालं असं की सोमवारी सकाळी मनिषाला बाजाराच्या यादीला कागद हवा होता. तिने खण उघडला, वहीचं पहिलं पान टर्रकन फाडलं आणि त्यावर बोंबील, आलं, गॅसचा लायटर असं लिहून ती निघून गेली. 'वाहन खरेदीबाबत' हा विषय मच्छीबाजारात गेला आणि वही विषयाविना घरी राहिली. दुपारी गोळी घ्यायला आनंदाशेठांनी खण उघडला.

मंगळवारी सकाळी पाच वाजता घर हादरलं. आनंदाशेठ हॉलमध्ये उठाबशा काढत होते. एरवी ते सातला उठत, आठपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहत आणि चहा आत गेल्याशिवाय एक शब्द बोलत नसत.

"अवो, काय झाला तुमाला?" सत्यवतीबाई, म्हणजे धनेशची आई, घाबरून बाहेर आल्या.

"काय नाय. चालू झालो," आनंदाशेठ म्हणाले.

बुधवारी त्यांनी लिफ्ट सोडली. तिसरा मजला, हातात दोन पिशव्या, जिन्याने. वर आल्यावर दारात थांबून धनेशला विचारलं, "दम लागलाय का मना? बग. लागलाय का?" धनेश म्हणाला, नाही. तो ऑफिसला निघायच्या घाईत होता, बाबांना वजन कमी करायचं असेल अशी त्याने समजूत करून घेतली. गुरुवारी गुडघा टम्म सुजला. तरी ते लंगडत सगळ्या घरात फिरत राहिले आणि येताजाता मोरीच्या दाराशी थांबून बायकोकडे रागाने बघत राहिले. सत्यवतीबाईंना काही उमगेना. मनिषाला वाटलं आपल्या हातचे बोंबील खारट झाले असावेत.

शुक्रवारी धनेश ऑफिसातून आला तर दारात पिशवी. आनंदाशेठ धोतर नेसून, टोपी घालून सोफ्याच्या टोकावर बसलेले.

"कुठे निघालात बाबा?"

"उलव्याला. तुज्या बहिनीकडे. तिकडं इमानतळाच्या धुरल्यात बसंन, पन इथं नाय."

"अहो पण झालं काय?"

आनंदाशेठांनी मांडीखालून वही काढली. चष्मा लावला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागला. "पहिली पिढी. बांधा दणकट. आवाज फार. चढाला दम सोडत नाही." त्यांनी मान वर केली. "हा माजा बाप. बरोबर लिवलायस. बोलला तर तीन शेतांवर ऐकू जायचा."

धनेशला अजूनही उजेड पडला नव्हता. तो भक्तिभावाने ऐकत होता.

"दुसरी पिढी. बाहेरून रुबाबदार, आतून हलकी. सकाळी चालू व्हायला वेळ घेते. देखभालीचा खर्च वाढत जाणारा. पावसाळ्यात मागच्या बाजूने पाणी गळते." इथे त्यांनी वही मिटून बायकोकडे पाहिलं. "सत्यवती, माज्या पान्याचा त्याला कोनी सांगितला? ते डॉक्टरला आनि तुला, दोगांनाच म्हाईत होता."

"मी कनाला सांगू?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "आनि पावसाल्यातच कशाला, तुमचं तर बारा महिने हाय."

मनिषा पदर तोंडाला लावून आत पळाली. धनेशच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ घामही फुटला.

"बाबा, बाबा, ते गाडीचं आहे."

"गाडीला पिढी असते? गाडीला बाप असतो? आजा असतो?" आनंदाशेठांनी पुन्हा बोट ठेवलं. आता आवाज खाली आला होता. "पुढं काय लिवलंय आयक. दुसर्‍या पिढीत जमिनीपासून उंची वाढली, मात्र जमिनीवरची पकड सुटली."

वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज तेवढा येत होता.

"सुटली," आनंदाशेठ म्हणाले. "सुटली ना. मिठाचा आगर सरकारनं घेतला, तवा मी एकटा काय करनार होतो. सगल्या गावाचा गेला. पन मागची भाताची खाचरं माजी होती. ती मी इकली. बापानं मरताना हात धरून सांगितला होता, ती ठेव. तरी इकली. कोनासाठी इकली? तुज्या इंजिनेरिंगसाठी. दोन वर्सं गेलास तू आनि बॅग घेऊन परत आलास. मी इचारला का तुला? गावात सगले इचारीत होते, मी बोललो, पोराची तब्येत बरी नव्हती."

धनेशची तब्येत तेव्हा ठणठणीत होती. गणित बरं नव्हतं. चार विषय राहिले होते आणि ते बाबांना कळले नसतील अशी त्याची वीस वर्षं समजूत होती. त्याचा चेहरा उतरला. गाडीचं सांगायला उघडलेलं तोंड त्याने मिटून घेतलं, कारण जमीन कशासाठी विकली हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

"आनि सोताला काय लिवलायस ते पन आयक," आनंदाशेठांनी पान उलटलं. "तिसरी पिढी. सर्वगुणसंपन्न. शांत. बुद्धिमान. धोका दिसताच आपोआप थांबते. शिफारस. दुसरी पिढी दारात उभी करण्याच्या लायकीची नाही." त्यांनी वही सोफ्यावर ठेवली आणि पिशवी उचलली. "म्हनून चाललो. तू काडायच्या आधी."

"बाबा, आईशपथ गाडी आहे. थांबा, अझहरला विचारा." धनेशने घाईघाईने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. (इथे त्याने आधी अझहरला परिस्थिती सांगायला हवी होती. पण रीतसर माणसाला साक्षीदार पढवणं पटत नाही.) "अझहर, दुसर्‍या पिढीबद्दल तुझं मत सांग बरं, स्पष्ट."

"अरे यार, परत तेच? किती वेळा सांगू, दुसरीचा नाद सोड," अझहरचा आवाज घरभर घुमला. "वरून रंग मारून चकाचक, खाली सगळा गंज. इथे एक पडून आहे, कुत्रंपण विचारत नाही. मी तर म्हणतो भंगारात देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल."

आनंदाशेठ फोनवर वाकले. "अब्दुल्लाचा पोर ना तू? तुज्या बापाला खाडीत पोवायला मी शिकवलाय."

"काका? सलाम काका. अहो, खुदा कसम, गाडीचं बोलतोय मी."

"हां. तुला पन पढवून ठेवलंय," म्हणून आनंदाशेठ दाराकडे निघाले.

शेवटी मनिषाच मधे पडली. घरात सासर्‍यांना अडवायची हिंमत तिचीच. "बाबा, उलव्याला जायचं तर जा, मी सोडते. पण आधी शिरढोणपर्यंत चला. गाडी दिसली नाही तर मी पण तुमच्याबरोबर उलव्याला येते." हे ऐकून आनंदाशेठ थबकले. सून घर सोडायला तयार आहे म्हणजे काहीतरी खरं असणार, असा त्यांनी हिशोब केला.

लाल गाडीत पुढची सीट पार मागे सरकवून आनंदाशेठ बसले. मनिषाने गाडी काढली. धनेश मागे, गुडघे हनुवटीला लावून, वही पोटाशी धरून.

यार्डात अझहर गेटवरच उभा होता, ओशाळलेला. तिघांनी मिळून आनंदाशेठांना गाडीबाहेर काढलं. समोर तिन्ही पिढ्या ओळीने उभ्या. पहिली पोक आलेली पण भक्कम. तिसरी काळी कुळकुळीत, कुण्या डॉक्टरने सहा महिन्यांत विकायला काढलेली. मधे दुसरी, पांढरी, धूळ खात.

आनंदाशेठ लंगडत दुसरीपाशी गेले. वही मागून घेतली. एकेक ओळ वाचायची आणि गाडीकडे बघायचं. डिकी उघडायला लावली, कडेचं रबर कुजलेलं बोटाने चाचपलं. "इथून गळते?"

"इथूनच काका. रबर बदललं की थांबतं."

"हिचा बरा हाय," आनंदाशेठ पुटपुटले. मग त्या ओळीवर बोट आलं. "आनि ही जमिनीवरची पकड?"

"टायर घासलेत. चार टायर नवीन टाकले की पकड परत येते."

"एवढंच?"

"एवढंच काका."

आनंदाशेठ बराच वेळ त्या गुळगुळीत टायरकडे बघत उभे राहिले. मग दार उघडून आत बसले. बसले म्हणजे सरळ बसले, न वाकता, न कण्हता, खुर्चीवर बसावं तसे. बसले आणि उतरले. परत बसले. कुणी ओढलं नाही की ढकललं नाही. काचेतून समोर शिरढोणच्या बाजूची भातशेतं दिसत होती, त्यांच्याकडे ते बघत राहिले.

धनेश खिडकीशी गेला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. "बाबा, ही गाडी तुमच्यासाठीच बघत होतो. आणि ती खाचरं... मी शिकायला हवं होतं. माझं चुकलं."

आनंदाशेठांनी त्याच्याकडे बघितलं नाही. पण हात खिडकीबाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. "वीस वर्सं वाट बगितली या वाक्याची," ते म्हणाले. "आनि तू वह्या लिवतोयस." मग त्यांनी अझहरला हाक मारली. "ही घेतली. टायर बदल, रबर बदल, खालचा गंज घासून काड. उलव्याला मी हिच्यातून जानार, आनि रविवारी परत येनार."

अझहरमधला व्यापारी हळहळला. "काका, तुमची मर्जी. पण तिसरी पिढी एकदा बघा तरी. शांत आहे, बुद्धिमान आहे, धोका दिसला की आपोआप थांबते."

"तिसरी नको," आनंदाशेठ म्हणाले. "तिसरी घरात हाय एक. थांबते चांगली. चालवाया मातुर सूनबाय लागते."

अझहर तोंड फिरवून खोकला. धनेशने वही उघडली आणि शिफारशीच्या रकान्यात खाडाखोड करून दुसर्‍या पिढीचं नाव घातलं. तो वही मिटणार इतक्यात मनिषाने ती त्याच्या हातातून घेतली, त्याच्याच खिशातलं पेन काढलं, 'तिसरी पिढी'च्या रकान्यात बाबांचं वाक्य शब्दशः उतरवलं, खाली 'वरील निरीक्षणाशी सहमत' असं लिहिलं आणि रीतसर सही करून तारीख टाकली.