आबा नक्कल आणि फणसाची फळी

आबा सोहोनींच्या हातात पाण्याचा पेला दिला की ते आधी तो रिकामा करीत, मग उलटा करीत आणि बुडाचा शिक्का वाचीत. वाचून झाल्यावर विचारीत, "मूळचा का?" पेला लग्नातला आहे की मागाहून घेतलेला, हे कळल्याशिवाय त्यांच्या पोटात पाणी मुरत नसे.

आमच्या आणि त्यांच्या घरात फक्त एक दगडी गडगा. त्यामुळे 'मूळचा का?' मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. आबांनी तीस वर्षं रत्नागिरीच्या कचेरीत नक्कलनवीस म्हणून काढली. अस्सल कागद समोर ठेवायचा, त्याची नक्कल उतरवायची, खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' लिहून सही ठोकायची. एका अक्षराचा फरक नाही, खाडाखोड नाही. जन्मभर नकला करून या माणसाला नकलेचा असा काही तिटकारा आला होता की विचारू नका. गाव त्यांना 'आबा नक्कल'च म्हणे.

ते हापूस खात नसत. रत्नागिरीत राहून! "कलमाचा आंबा म्हणजे काय रे? कुठल्याशा पहिल्या झाडाची नक्कल. दिवसभर नकला करायच्या आणि घरी येऊन पुन्हा नक्कलच चोखायची?" असं म्हणून रायवळ आंब्याचा रस कोपरापर्यंत गाळीत बसत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर तिच्या वेणीकडे बोट करून विचारलं, "मूळची का?" मुलीचे वडील चरफडत उठले. गंगावन निघालं हा भाग वेगळा. लग्न मात्र मोडलं, आणि पुतण्या पुढे दोन वर्षं आबांशी बोलला नाही.

तर अशा या माणसाला मी आमची मोटर तपासायला बोलावलं.

ही मोटर वडिलांनी बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. मुंबईहून पडावात बसून ती बंदरात उतरली तेव्हा निम्मं गाव बघायला लोटलं होतं. पण पुढे दुरुस्त करणार कोण? दार निखळलं, ते होड्या बांधणाऱ्या सुताराने बसवलं. टप फाटला, तर बुरोंडीच्या एका खलाशाने शिडाचं कापड शिवून दिलं आणि वर सवयीने माशाचं तेल चोपडलं. पावसाळ्यात आमची मोटर वळणावर यायच्या आधी तिचा वास येई. मांजरं मागे धावत.

आता उतारूंच्या सर्व्हिस मोटरी सुरू झाल्या होत्या आणि आमची खोपीत बसून होती. धाकट्या भावाला डॉक्टरी शिकायला मुंबईला धाडायचं होतं. त्यासाठी मोटर विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घाटावरच्या एका संस्थानिकांना जुन्या मोटरी जमवायचा नाद होता. त्यांचे कारभारी जाधवराव यांनी कळवलं, "किती भाग मूळचे, किती बदललेले, याची कुणा खात्रीच्या माणसाकडून यादी करून ठेवा. खोटं आढळलं तर सौदा नाही." खात्रीचा माणूस गावात एकच.

"आबा, जरा हात सैल सोडा," मी म्हटलं.

"वकील झालास म्हणून मला खोटं शिकवतोस होय रे मेल्या?" म्हणत आबा मोटरीखाली शिरले.

तीन दिवस ते खोपीतच होते. फणस पिकलाय का बघावा तसं एकेक पत्रा वाजवून बघत. दोन ताव भरून यादी झाली. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. डावा दिवा, अस्सल. उजवा दिवा, नक्कल. भोंगा, नक्कल. टप, नक्कल, शिवाय वास. मी कपाळाला हात लावला. पण शेवटच्या ओळीवर मी थबकलो. 'चढावयाची फळी, अस्सल.'

ती फळी कुठून आली हे मला ठाऊक होतं. काकूंचे, म्हणजे आबांच्या बायकोचे, पाय सुजत. डॉक्टरांनी समुद्राची हवा घ्यायला सांगितली, तेव्हा आई म्हणाली, आमची मोटर आहे की. पण मोटरीत चढायची पायठणी उंच, काकूंचा पाय तिथवर उचलेना. आबांनी परसातला फणस तोडवला, सुताराकडून फळी कापून घेतली आणि मोटरीला खाली पेचांनी बसवली. तो सबंध उन्हाळा आम्ही रोज संध्याकाळी मिऱ्या बंदरापर्यंत जात होतो. आबा पुढे बसून मला मोटरीतल्या नकला मोजून दाखवीत आणि मागून काकू म्हणत, "अहो, वारा तरी मूळचा आहे ना? मग घ्या की गुपचूप." आबा हसत. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. पुढच्या श्रावणात काकू गेल्या. फळी तशीच राहिली.

जाधवराव आले. हातात यादी घेऊन एकेक भाग ताडत गेले. "वा! माणूस खरा आहे," असं दोनदा म्हणाले. मग फळीपाशी वाकले आणि नखाने खरवडलं. आतून पिवळंधमक लाकूड निघालं.

"हा तर फणस! विलायतेत फणस कधीपासून लागायला लागले? काढून फेका ही. आणि हे एक खोटं, तर बाकीच्या यादीचं काय समजायचं?"

सौदा तर जाणारच होता, पण तीस वर्षांत आबांच्या सहीला कुणी असं बोललं नव्हतं. आबांची मान खाली गेली.

"यादी खरी आहे," ते म्हणाले. "त्या ओळीपुरता मी खोटा. फळी माझ्या घरची. फेकू मात्र नका."

त्यांनी पेचकस मागितला आणि धोतर सावरून खाली बसले. पेच गंजलेले. फिरता फिरेनात. जाधवराव जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी यादी घडी करून खिशात घातली, गुडघे टेकले आणि फळीचं दुसरं टोक धरून ठेवलं. संध्याकाळी मोटर गेली. मोल ठरल्यापेक्षा पैनेही कमी झालं नाही. आबांना मी 'हात सैल सोडा' म्हणालो होतो, त्याची मला फार लाज वाटली.

आठवड्याने त्यांच्याकडे गेलो. उंबऱ्याबाहेर, पायरीच्या जागी, ती फळी बसवलेली. तेलपाणी करून चकचकीत. मी पाय उचलला.

"हां हां, पाय नको!"

"आबा, पायरी आहे ना ही?"

"आहे. पण तिच्यावर हिची पावलं आहेत," आबा म्हणाले, आणि जरा थांबून, "मूळची."

तेव्हापासून आबांकडे जाणारा प्रत्येक जण, पोस्टमनसुद्धा, फळीवरून लांब ढांग टाकून आत जातो.