सौनातला डबा

"सौनाची शेगडी बिघडलीय," ओर्वोने ठोकून दिलं, आणि वाक्य तोंडातून निघताच आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. समोर खांद्यावर टॉवेल टाकून त्याचा मेव्हणा, बायकोचा भाऊ रेइनो, उभा होता. रेइनो इलेक्ट्रिशियन. सगळी नोकरी त्याने असल्याच शेगड्या दुरुस्त करण्यात घालवली होती.

"बिघडलीय?" रेइनोचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं नाही का! हत्यारं गाडीतच आहेत."

खरं तर सौनाची, म्हणजे घरातल्या वाफेच्या अंघोळीच्या खोलीची, विजेवरची शेगडी धडधाकट होती, निदान ओर्वोची तशी समजूत होती. अडचण होती ती सौनाच्या वरच्या बाकावर बसलेल्या काळ्या डब्याची. डब्यात एक हार्डडिस्क, डिस्कवर घरातले सगळे फोटो, आणि ते घरातल्या कुठल्याही फोनवर नि टीव्हीवर दिसायचे. पण डबा सारखा घुंघुं करायचा, म्हणून ओर्वोच्या बायकोने, आउलिक्कीने, त्याची दिवाणखान्यातून हकालपट्टी केली होती. उन्हाळाभर दोघं तळ्याकाठच्या लाकडी घरातल्या सौनात बसत. ताम्पेरे शहरातल्या फ्लॅटमधला सौना तोवर अडगळीची खोली व्हायचा, इमारतीतल्या सगळ्यांचा होतो तसाच. स्की, मुरंब्याच्या बाटल्या, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या शेजारी डबाही नांदू लागला. ओर्वो सावध माणूस. त्याने न्हाणीघरातून वायर ओढली आणि शेगडीच्या बटणावर आठवणीने चिकटपट्टी लावली.

गेल्या हिवाळ्यात आउलिक्कीने घरातले सगळे अल्बम एकेक फोटो करून संगणकावरून या डिस्कवर उतरवले होते. तिची आई, पोरांची बाळपणं, सगळं. काम संपल्यावर ओर्वोनेच टुमणं लावलं, "आता ही रद्दी कशाला? कपाट तरी मोकळं होईल." एके दिवशी आउलिक्की म्हणाली, "अल्बम नेले." कपाट मोकळं झालं. आणि परवा एका मित्राने सहज विचारलं, "एकाच डिस्कवर? ती कधीतरी टक्‌ करून बंद पडते, माहितीय ना?" तेव्हापासून ओर्वोचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याने दुसरी डिस्क आणली. माहितीपत्रकात पहिलीच सूचना होती: आधी सगळ्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, मगच नवी डिस्क बसवा. ओर्वोला हा द्राविडी प्राणायाम वाटला. नवी डिस्क बसवायची ती प्रतीसाठीच ना? त्याने ती सरळ आत सरकवली. डबा जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरवू लागला आणि फोनवर अक्षरं उमटली: काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका.

काम गोगलगाईच्या चालीने चाललं होतं, आणि ते संपेपर्यंत डबा जागचा हलवायचा ओर्वोला धीर नव्हता. त्यात शनिवार उजाडला, आणि रेइनो कुओपिओहून येऊन दाखल झाला. शनिवारी पाहुण्याला सौना नाही म्हणायचं, त्यापेक्षा दारातूनच परत पाठवलेलं बरं.

"आधी कॉफी घे," ओर्वो म्हणाला.

"घेतली की."

"अजून घे. आउलिक्कीने वेलचीचे पाव केलेत."

रेइनोने उभ्याउभ्या तीन कप रिचवले. किटली संपली. ओर्वोने टेबलाखाली हळूच फोन पाहिला: अठ्ठ्याऐंशी टक्के. मान वर करतो तर खुर्ची रिकामी! रेइनो बाहेरच्या खोलीत मीटरच्या पेटीपाशी पोचला होता.

"माझा पहिला नियम," तो तिथून ओरडला, "मेन स्विच बंद. अर्धवट वीज मला चालत नाही!"

"अरे थांब! शेगडी ठीक आहे!"

खट्‌. फ्रीज गप्प झाला, रेडिओ गप्प झाला, आणि सौनातली घुंघुंही. तो आवाज कधी हवाहवासा वाटेल असं ओर्वोला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"ठीक आहे? मग बिघडलीय कशाला म्हणालास?" रेइनो भडकला.

आउलिक्की स्वयंपाकघरातून आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "माझे फोटो?"

रेइनोने पुन्हा वीज चालू केली. तिघं सौनात शिरले. डब्यावर एक दिवा हिरवा लागला, दुसरा लाल लुकलुकायला लागला. ओर्वो स्कीच्या गर्दीतून वाट काढत खालच्या बाकावर मटकन बसला. त्याला मनापासून लाज वाटत होती.

"आधी प्रत काढायला सांगितलं होतं. मी काढली नाही," तो म्हणाला. "आणि अल्बम टाकायलाही मीच लावले. चुकलं माझं."

आउलिक्की त्याच्यासमोर येऊन वाकली. "जरा पाय उचल."

"काय?"

"पाय उचल म्हणते ना!"

त्याने पाय उचलले. तिने बाकाखाली हात घालून कपड्यांची एक मोठी पिशवी ओढून काढली. आत अल्बम.

"तू तर टाकले होतेस!"

"नेले म्हटलं होतं. कुठे ते तू विचारलंस का? म्हटलं, या घरात झाडू घेऊन सौनात येणारी मी एकटीच, इथे कोण बघणार? आज सकाळपासून पिशवी हलवायची होती, पण तू इथून हलशील तर शपथ!"

रेइनोला हसू आवरेना. "आणि मी येऊन शेगडी पेटवली असती म्हणजे? खाली तुझे फोटो, वर ह्याचे फोटो!"

एवढ्यात लाल दिवा हिरवा झाला. काम थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं. फोटो जागच्या जागी होते. मग ओर्वोने छाती ठोकून सांगितलं, "आता आधी अंघोळ!" स्की बाल्कनीत गेले. वायर लांब होती, म्हणून डबा चालू ठेवूनच अलगद न्हाणीघराबाहेर आला. सौना मोकळा झाला. ओर्वोने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी सोलली आणि बटण फिरवलं.

तिघं वाट पाहत राहिले. रेइनोने शेगडीवरच्या दगडांवर हात धरला. दगड गारच होते.

"ओर्वो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा उजळला, "ही खरंच बिघडलीय!"

"काय सांगतोस!"

"मी हत्यारं आणतो. आधी मेन स्विच…"

तिघांनीही वळून डब्याकडे पाहिलं.

"एक्याण्णव टक्के," ओर्वो केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"मी कॉफी ठेवते," आउलिक्की म्हणाली.

वेळ काढायचा म्हणून पिशवीतला वरचा अल्बम उघडला गेला. त्यात लहानपणचा रेइनो निघाला, दात पडलेला, हातात स्वतःपेक्षा लांब मासा. "तो मासा मी पकडलाच नव्हता," रेइनोने इतक्या वर्षांनी कबूल केलं, आणि आउलिक्की हसता हसता डोळे पुसायला लागली. दुसरा अल्बम निघाला, मग तिसरा. शेवटी डबा समाधानाने पिंपिं वाजला. दोन डिस्क, दोन प्रती, काम फत्ते.

"वाजला वाटतं," रेइनो म्हणाला.

"वाजू दे," ओर्वो म्हणाला. "पान उलट."