बिनजोड भिंत

भिंतीचा कागद आपणच तयार करायचा, असं मी चहा पिता पिता ठरवलं. (माझे सगळे चुकीचे निर्णय चहाबरोबरच होतात. जेवताना मी सहसा निरुपद्रवी असतो.)

झालं असं, की शाळेतून निवृत्त झाल्यावर बायकोने घरातच लहान मुलांचा वाचनवर्ग काढायचं ठरवलं. खोली पुढची. तिथे सगळं ठीक होतं, फक्त समोरच्या भिंतीवर ओल येऊन गेल्याचा हत्तीएवढा डाग होता, आणि पुढच्या रविवारी पालक मुलांना घेऊन खोली बघायला येणार होते. म्हणून मेहुण्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, दुकानातून भिंतीच्या कागदाचे नमुने आणून टेबलावर पसरले. त्यावर मी बोलून गेलो, की एवढ्यासाठी दुकान कशाला, मी कॉम्प्युटरवर करतो. मेहुणा हसला नाही. जाताना नमुन्यांची पिशवी मात्र आमच्याच दारामागे ठेवून गेला. त्यापेक्षा हसला असता तर परवडलं असतं.

मी कारकून आहे. गेल्या वर्षी ऑफिसने आम्हाला तीन दिवसांच्या प्रोग्रामिंगच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, त्यातले दोन दिवस मी खरंच गेलो होतो.

भिंतीच्या कागदाची गोम अशी, की एकच चौकोन शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा छापायचा असतो, आणि दोन चौकोनांमधला जोड दिसता कामा नये. नुसता फोटो ठेवला, तर इकडचं पान अर्ध्यात तुटतं आणि तिकडे भलतीच फांदी सुरू होते. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी दाढी करताना आरशाकडे बघून सुचलं. फोटोच्या शेजारी त्याचंच आरशातलं रूप ठेवायचं, आणि दोघांच्या खाली त्यांचीच उलटी रूपं. प्रत्येक कडेला स्वतःचीच कड भेटणार, मग जोड दिसणार कुठून? सतरा ओळींत प्रोग्राम झाला. (त्यातल्या चार ओळी काय करतात ते मला आजही ठाऊक नाही, पण काढल्या की बाकीच्या तेरा रुसतात.)

फोटो कुंपणावरच्या वेलीचा घेतला. स्टुलावर एका पायाने उभा राहून, एका हाताने वेल बाजूला धरून, दुसऱ्या हाताने फोन दाबला. प्रोग्राम चालवला आणि स्क्रीनवर हिरव्यागार पानांच्या मधोमध चार पाकळ्यांचं एक गुलाबी फूल उमललं. प्रत्येक पाकळीच्या टोकाला पिवळसर ठिपका. वेलीला फूल आल्याचं मला आठवत नव्हतं. पण इतकी पानं, एखादं लपलं असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि चित्र छापखान्यात दिलं.

शनिवारी दुपारपर्यंत कारागीर कागद चिकटवून गेला. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं, जोड कुठेच सापडेना. एका ठिकाणी हवेचा फुगा राहिला होता, तो दाबायला अंगठा टेकवला, आणि तिथेच थिजलो. माझा अंगठा आणि फुलाची पाकळी अगदी जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी उभे होते. तोच आकार, तीच सुरकुती, तेच दोन वर्षांपासून पिवळं पडलेलं नख. फोटोच्या कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, आणि प्रोग्रामने इमानेइतबारे त्याचे चार केले होते. भिंतीवर शहाण्णव फुलं. म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी अंगठे.

बायकोला सांगणारच होतो. तेवढ्यात ती आत आली, पदराला हात पुसत भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "फूल फार गोड आहे हो."

बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कामाला तिने 'गोड' म्हटलेलं नाही. मी गप्प बसलो. तुम्हीही बसला असता.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याने चष्मा पुसून भिंतीचा इंच न् इंच तपासला, जोड सापडेना म्हणून त्याचा चेहरा पडला, आणि मग त्याने फुलाचं नाव विचारलं. मी म्हणालो, दुर्मीळ जात आहे, डोंगरात उगवते. त्याला लगेच कुंडीत लावायला एक फांदी हवी झाली. बघतो, म्हणालो.

रविवारी पालक आले. मी उजवा हात खिशात घालून डाव्या हाताने चहा देत होतो. मुलं पुस्तकांवर तुटून पडली होती, बायकोचा चेहरा खुलला होता, सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त एक बाई मुलीचा हात धरून भिंतीसमोर उभ्या होत्या आणि हलतच नव्हत्या. त्या त्वचारोगांच्या डॉक्टर, हे मला नंतर कळलं.

"हे फूल नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

"दुर्मीळ आहे," मेहुणा अभिमानाने म्हणाला.

"अजिबात नाही. रोज दोन तरी येतात माझ्याकडे. अंगठा आहे हा, नखाला बुरशी झालेला. कोणाचा आहे?"

पालकांनी एकमेकांचे हात बघितले. मग एकेक नजर माझ्या खिशावर येऊन थांबली.

"अहो," बायको म्हणाली, "हात बाहेर काढा."

काढला. तिने अंगठा बघितला, भिंत बघितली, पुन्हा अंगठा बघितला आणि मटकन खुर्चीत बसली. मला वाटलं, झालं, संपला वर्ग. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग पालक हसले, मग मुलं अंगठ्यांशी अंगठे जुळवून बघायला लागली. त्या दिवशी अकरा मुलांनी नावं दिली. भिंत बदलायची नाही, असंही बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं.

जाताना डॉक्टरबाईंनी मला दवाखान्यात यायला सांगितलं आणि चित्राची एक प्रत मागितली. दवाखान्यात लावायची म्हणाल्या. माझी कॉलर ताठ झाली. सतरा ओळींची कला शेवटी कोणाला तरी कळली. ऑफिसात मी टेबलोटेबली जाऊन दवाखान्याचा पत्ता दिला आणि शक्य तितक्या लवकर बघून या, असं सुचवलं.

पुढच्या आठवड्यात मलम आणायला गेलो. बाहेरच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असं, माझं चित्र लावलं होतं. फ्रेम सुरेख होती. आमचे हेडक्लार्क तिच्यापुढे उभे राहून मन लावून वाचत होते. चित्राखाली जाड अक्षरांत छापलं होतं : 'उपचारापूर्वी'.