राजसची झोप आणि डावा कान

सोमवारी अनुजाची बाळंतपणाची रजा संपत होती आणि राजस अजून आईच्या खांद्याशिवाय झोपत नव्हता. ऑफिसातल्या बाईंनी फोनवर फार गोड आवाजात विचारलं होतं, "येताय ना नक्की? नाहीतर आम्ही दुसरं कुणीतरी बघतो." म्हणून शनिवारी दुपारी परीक्षा ठरली. राजसला त्याची आजी, म्हणजे अनुजाच्या सासूबाई लक्ष्मी, एकट्याच झोपवणार. अनुजानं तोवर गॅलरीच्या टोकाला पुतळाबाईंच्या खोलीत जाऊन बसायचं. बाळ झोपलं तर नोकरी, नाहीतर राजीनामा.

भोईवाड्यातल्या त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याला लाकडी गॅलरी होती आणि तिच्या फळ्या सगळ्यांच्या चुगल्या करायच्या. पुतळाबाईंची पावलं दणदणीत, जयवंतकाकांचं एक पाऊल घासत येणारं. अनुजाला आत बसून सगळं कळायचं. राजस झाल्यापासून तर तिचे कान असे तिखट झाले होते की शेजारचं दूध उतू जाणार हे शेजारणीच्या आधी तिला समजे. पोराची झोपमोड नको म्हणून तिनं घरोघरी जाऊन विनंती केली होती, आणि गेले काही महिने सगळा मजला चपला हातात घेऊन चालत होता. त्यामुळे कुणाला कुणाची चाहूलच लागत नसे. परवा जयवंतकाका वळणावर पुतळाबाईंच्या मासळीच्या पाटीवर आदळले आणि दिवसभर त्यांच्या सदऱ्याला बोंबलाचा वास येत होता.

"वहिनी, माझी पण आज मॅच आहे हां," धाकटा दीर प्रितम म्हणाला. मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ, चौघांची टीम, समोर घाटकोपरची पोरं.

"खेळ की. पण हेडफोन लावून. बाहेर आवाज आला तर फोन पिंपात बुडवीन."

"वॉटरप्रूफ आहे तो."

"तू आहेस का?"

प्रितम मुकाट्यानं शिडी चढून पोटमाळ्यावर गेला. अनुजानं राजसला आजीच्या मांडीवर दिलं, त्याच्याकडे न बघता दार ओढून घेतलं आणि अनवाणी पावलांनी गॅलरी पार केली.

वर गेल्यावर प्रितमला कळलं की राजसनं सकाळी हेडफोनची वायर चावली होती. डावा कान मेला होता. आता या खेळात डोळ्यांपेक्षा कान मोठे. शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात. डावीकडून येतोय, उजवीकडून येतोय की वरच्या मजल्यावर दबा धरून बसलाय, ते आवाजावरून ओळखायचं. एक कान गेला की सगळं जग उजवीकडून येतं, आणि मारणारा नेमका डावीकडे उभा असतो. पहिल्या दोन डावांत प्रितम असाच मेला.

"बहिरा झालास का रे?" टीममधल्या दीपकनं विचारलं.

"अर्धा," प्रितम म्हणाला.

पोटमाळ्यावर गणपती मंडळाचे दोन स्पीकर झाकून ठेवले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, आवाज अगदी बारीक. असा साधा विचार करून प्रितमनं फोन त्यांना जोडला. पण ते स्पीकर शेवटचे वाजले होते विसर्जनाच्या दिवशी, आणि विसर्जनानंतर आवाज कमी करून ठेवायची पद्धत कुठल्याही मंडळात नाही.

पुतळाबाईंच्या खोलीत चहाचा कप अनुजाच्या हातातच राहिला.

"मावशी, कोणीतरी आलंय."

"कोण?"

"ओळखीचं नाही. बूट आहेत. पळतोय."

या मजल्यावर महिनोन् महिने कुणी चपलासुद्धा वाजवल्या नव्हत्या, आणि बूट तिच्याच खोलीच्या दिशेनं पळत होते. पुतळाबाईंनी कपडे धुवायचं धोपाटणं उचललं. दोघी बाहेर आल्या, तर गॅलरी रिकामी. पावलं मात्र चालूच.

जयवंतकाका बनियनवर दारात आले. "दोघं आहेत. एक जिना चढतोय."

"दिसत तर कोणच नाय," पुतळाबाई म्हणाल्या.

"तेच तर. सराईत आहेत."

तेवढ्यात कुणीतरी जिन्याचं दार लावून घेतलं, कुणीकुणी लाटणी आणली, आणि सगळा मजला सवयीप्रमाणे चपला हातात घेऊन, चवड्यांवर, त्या न दिसणाऱ्या बुटांच्या मागे निघाला. मग गोळीबार सुरू झाला. अनुजानं मागचापुढचा विचार न करता धावत जाऊन दार ढकललं.

आत सासूबाई शिडीच्या पायथ्याशी बसल्या होत्या, मान वर करून. "अरे डाव्या बाजूक बघ. डाव्या. जिन्यार चढता तो."

राजस त्यांच्या मांडीवर होता. तोंड उघडं, मुठी सैल, गाढ झोपलेला.

"प्रितम, बंद कर ते," अनुजा म्हणाली.

प्रितमनं बटण दाबलं. अनुजा गेले कित्येक महिने जिवापाड जपत होती तशी शांतता खोलीत पसरली. राजसनं डोळे उघडले. खालचा ओठ थरथरू लागला.

"कधीपासून रडत होता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ह्या धाडधाड सुरू झाला आणि तो गप निजलो. पोटात होतो तेव्हा गणपती होते ना गो. ढोल ऐकतच वाढलो तो."

राजसनं रडायला श्वास भरून घेतला. दारातली सगळी लाटणी जागच्या जागी थांबली.

"लाव," अनुजा म्हणाली.

"काय?"

"लाव परत. पहिलं होतं तेवढंच मोठं."

गोळीबार सुरू झाला. राजसचा ओठ सरळ झाला, डोळे मिटले. पुतळाबाईंनी धोपाटणं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसल्या. "मागे बघ रे, मागे. एक पाय घासतोय, आमच्या जयवंतसारखा."

"माझ्यावर कशाला येता?" जयवंतकाका म्हणाले आणि आत सरकले.

मॅच प्रितमची टीम हरलीच. घाटकोपरच्या पोरांनी नंतर तक्रारही केली, की यांच्या टीममध्ये दहा-बारा म्हाताऱ्या घेतल्यात. पण राजस संध्याकाळपर्यंत झोपला.

सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अनुजाच्या हातातला डबा उघडायच्या आत फोन कानाला लागला होता.

"आई, झोपला?"

पलीकडून बंदुका धडाडत होत्या. "मघाशीच निजलो. प्रितम कामावर जाता आता, पुढचो खेळ मीच घेतलंय. ठेव गो फोन, मागसून कोणतरी येता हा."

अनुजानं फोन ठेवला नाही. डोळे मिटून ऐकलं.

"आई, दोघं आहेत," ती हळूच म्हणाली. "एक जड, एक हलका. हलक्याला आधी घ्या."