सदस्य क्रमांक सात यांचा अनुकूल सल्ला

गुरुवारी सकाळी राष्ट्रप्रमुखांचे घटनात्मक सल्लागार श्री. धुळाजी म्हाळू गावडे अंगणात मेंढी कातरत बसले होते.

यात हसण्यासारखे काही नाही. या गोष्टीतल्या घटनेत एका कलमाने राज्यसल्ला परिषद नावाची सात जणांची परिषद नेमलेली आहे. कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी राष्ट्रप्रमुखांनी तिचा सल्ला घ्यावा, असे कलम सांगते. सल्ला मानावा, असे सांगत नाही. सातांपैकी सहा सदस्य निवृत्त न्यायाधीश, निवृत्त राजदूत, निवृत्त कुलगुरू असे काही ना काही निवृत्त असतात. सातवा मात्र 'सामान्य नागरिक' असावा लागतो. त्याचा कोणत्याही पक्षाशी संबंध नसावा, कोर्टात दावा नसावा आणि गावात कुणाशी वाद नसावा. असा माणूस शोधण्याची पाळी बीड जिल्ह्यावर आली तेव्हा शोधाला चौदा महिने लागले. अखेर गेवराई तालुक्यातल्या भिवरवाडीत धुळाजी सापडले. वर्षातले आठ महिने ते मेंढरांमागे परमुलखात असत, त्यामुळे गावाला त्यांच्याशी भांडायला सवड मिळालेली नव्हती.

परिषदेची कामाची पद्धत सुटसुटीत होती. दर महिन्याला टपालाने लिफाफा येई. आत एक प्रश्न असे. सल्ला अनुकूल असेल तर सदस्याने काहीच करायचे नव्हते. कागदावरच्या तारखेपासून सात दिवसांत उत्तर आले नाही, तर तो अनुकूल समजला जाई. सल्ला प्रतिकूल असेल तर मात्र कारणे लिहायची, तीन प्रतींत, आणि प्रत्येक प्रतीवर स्थानिक अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. परिषदेत कित्येक वर्षे एकमत नांदत होते ते यामुळे.

धुळाजींना हे कुणी समजावून सांगितले नव्हते. "इचारलंय तर सांगाया नको का?" असे म्हणून ते प्रश्न डोक्यात घेऊन दोन दिवस माळावर जात आणि परतल्यावर हो किंवा न्हाई सांगत. लिहिण्याचे काम त्यांच्या लेकीकडे होते. स्वप्ना गेवराईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पहिलाच प्रश्न कुठल्याशा सागरी हद्दीचा होता. धुळाजींनी विचारले, "त्या पल्याडच्या लोकांना इचारलंय का यांनी?" कागदावर तसे काही नव्हते. स्वप्नाने लिहिले, 'प्रतिकूल. कारण : पलीकडच्यांना विचारलेले नाही.' तीन प्रती केल्या. महिन्याने उत्तर आले, 'आपला सल्ला मोलाचा असल्याने जपून ठेवण्यात आला आहे.' चार वर्षांत असे नऊ सल्ले जपून ठेवण्यात आले.

तर त्या गुरुवारी धुळाजींच्या दोन्ही गुडघ्यांत मेंढी होती, हातात कातर होती आणि कडूबाई शेजारी बसून लोकर गोणीत भरत होत्या. स्वप्ना सुटीला आली होती. ती बाजेवर पालथी पडून एक जाडजूड पुस्तक वाचत होती.

"सपने, त्या कागदाचं काय केलं?"

"कोणता?"

"माळाचा."

या वेळचा प्रश्न होता 'देशातील अनुत्पादक गवताळ जमिनी सूर्यप्रकाशास मोकळ्या करण्याबाबत'. सोबतच्या यादीत चार हजार एकशे बारा गावांची गायराने होती. तिथे काचेची तावदाने मांडून वीज करायची होती.

"आपलं गाव कितवं हाय त्यात?"

"दोन हजार नऊशे सातवं."

"म्हंजी मधीच. मधल्याला कोन इचारतंय." धुळाजींनी मेंढीची मान हळूच दुसऱ्या अंगाला वळवली. "लिही, न्हाई म्हन."

"कारण काय लिहू?"

"लिही की, तितं मेंढरं चरत्यात."

"आबा, ते कारण धरणार नाहीत ते."

"आन मग कावून इचारतेत?"

कडूबाई हसल्या. "आवो, त्यांना वाटलं आसंल, मानूस येकटा आसतोय माळावर, इचारावं काईतरी."

"लिहितीस ना?"

"रविवारी लिहिते, आबा. आज ग्रामसेवक नाहीत कार्यालयात."

"मुदत?"

"आहे हो अजून."

भागवत ग्रामसेवक त्या दिवशी कार्यालयातच होते. पुस्तकाची चाळीस पाने उरली होती. मुदत शनिवारी संपत होती.

शुक्रवारी उजाडताना धुळाजी मेंढरांभोवतीची जाळी सोडायला उठले. अर्धी सोडली आणि दम खायला लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले. कडूबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा जाळी अर्धी उघडी होती, आणि एकही मेंढरू बाहेर पडलेले नव्हते.

शनिवारी घरी माणसे बसायला येत होती. त्या गर्दीत कडूबाईंनी लेकीच्या खांद्याला धरून विचारले, "माय, त्यांचा कागद गेला का गं?"

स्वप्नाने मान हलवली. मान कशीही हलवली तरी चालेल अशी ती वेळ होती. कडूबाईंनी ती हो अशी घेतली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पत्र आले. 'श्री. गावडे यांचा अनुकूल सल्ला विहित मुदतीत प्राप्त झाला. आभार.' पाठोपाठ मोजणीवाले आले आणि माळावर लाल झेंड्या रोवून गेले.

भिवरवाडीला धक्का बसला. तसे पाहिले तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही हरकतींसाठी सात दिवस नोटीस लागली होती. सगळ्या गावाने ती वाचली होती. पण स्वतः राष्ट्रप्रमुखांचा सल्लागार गावात असताना बाकीच्यांनी कशाला लिहायचे, असा पोक्त विचार गावाने केला होता. सुग्रीवचा चहाचा गाडा नोटिशीच्या अगदी समोर होता. "धुळाजी बघन की," असे त्याने सातही दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितले होते. आता तोच म्हणाला, "इकला गेला बे म्हातारा. वर्तून गुमान हो म्हनला."

"मेलेल्या मानसाला आसं बोलू नई," कुणीतरी म्हणाले.

"मंग जित्यापनी हो म्हनला त्याचं काय?"

हे बोलणे नळावर पोहोचायला एक दुपार पुरली. कडूबाई हंडा अर्धवट भरलेला तसाच घेऊन घरी आल्या.

"सपने, ते तर न्हाई म्हनले व्हते ना? माज्यासमोर म्हनले. मंग ह्ये हो कुठून आलं?"

"त्यांच्याकडंच काहीतरी घोळ झाला असेल," स्वप्ना म्हणाली.

घोळ निस्तरावा म्हणून तिने मृत्यूचा दाखला जोडून परिषदेला पत्र पाठवले. वडील गेले, त्यांचे नाव कमी करावे आणि माळाविषयीचा सल्ला रद्द धरावा. पंधरा दिवसांनी फोन आला. पलीकडे परिषदेचे अवर सचिव होते. आवाज अतिशय सुसंस्कृत होता.

"ताई, आपल्या दुःखात परिषद सहभागी आहे. फक्त एक अडचण आहे. सदस्यत्व संपण्याच्या कारणांत मृत्यू नमूद नाही."

"मग काय नमूद आहे?"

"राजीनामा. स्वतःच्या हस्ताक्षरात."

"साहेब, ते वारलेत."

"सही येत नसेल तर अंगठा चालतो."

स्वप्ना काही बोलली नाही. अवर सचिवांना अशा शांततेची सवय होती. ते ती अनुकूल धरून पुढे बोलत.

"तरी आपल्या पत्राची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. सदस्य क्रमांक सात यांचे सदस्यत्व चालू ठेवावे का, असा प्रश्नच आम्ही परिषदेपुढे ठेवला आहे. सातही सदस्यांना लिफाफे गेलेत."

"सातही?"

"अर्थात. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांना न विचारता कसं चालेल?"

लिफाफा तिसऱ्या दिवशी धुळाजींच्या नावाने भिवरवाडीत आला. स्वप्नाने त्याच तासाला बसून 'प्रतिकूल' लिहिले. कारण : सदस्य हयात नाहीत. तीन प्रती केल्या आणि भागवत ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवल्या.

ग्रामसेवकांनी शिक्का उचलला आणि हवेतच धरला. "त्या टायमाला पन आनला आसता तर दिला आसता की मी. गुरुवारी दिवसभर बसलेलो व्हतो."

शिक्क्याचा आवाज तीनदा झाला. एवढेच ते बोलले आणि त्याविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत. हे त्यांचे उपकार मानावेत की काय मानावे, ते स्वप्नाला कळले नाही.

तिन्ही प्रती परत आल्या. शेरा होता, 'उत्तर सदस्याने स्वतः दिलेले नाही.' सदस्याने स्वतः मुदतीत काहीच कळवले नसल्याने आपले सदस्यत्व चालू ठेवण्यास ते अनुकूल असल्याचे नोंदवण्यात आले. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर धुळाजींची कारकीर्द बहरली. हयातीत चार वर्षांत नऊ वेळा आडवे जाणारे सदस्य क्रमांक सात आता महिन्यामागून महिना अनुकूल होते. दोन करारांना, एका आणीबाणीच्या मसुद्याला आणि सदस्यांच्या भत्तेवाढीला त्यांनी ब्र न काढता पाठिंबा दिला. अकराव्या महिन्यात परिषदेने त्यांना 'आदर्श सल्लागार' हा सन्मान जाहीर केला. मानपत्रात लिहिले होते, 'गेल्या वर्षभरात त्यांनी परिषदेचा एक क्षणही वाया घालवलेला नाही.' सन्मान गावातच व्हावा आणि खर्च वाचवण्यासाठी त्याच मंडपात गायरान हस्तांतराचा आदेशही वाचावा, असे ठरले.

मंडप माळावरच पडला. स्टेजवर सरपंच विठ्ठलराव होते, अवर सचिव होते आणि मधे एक मोकळी खुर्ची होती. खुर्चीवर धुळाजींचा फोटो होता. कडूबाईंनी हार आणला होता. त्या फोटोला घालू लागल्या तेव्हा अवर सचिव लगबगीने पुढे आले.

"मावशी, फोटोला हार नको. सदस्य पदावर आहेत. खुर्चीला चालेल."

कडूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, हार परत पिशवीत ठेवला आणि मागे स्वप्नाजवळ येऊन बसल्या.

"शाल घ्यायला तुम्हीच यायचं बरं का," विठ्ठलराव माईकवरून म्हणाले.

"म्या न्हाई येत."

"आवो वहिनी, मान हाय त्यो गावाचा."

"आसू द्या की मंग, गावानं घ्यावा." मागून कुणीतरी खुसखुसले. कडूबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्या लेकीच्या कानाशी आल्या. "येक खरं सांग. म्या लोकर भरत व्हते, नीट आईकलं नसंल. वर्साचं आईकतेय लोकांचं, आता मलाच खरं वाटाया लागलंय. त्यांनी हो म्हनलं व्हतं का?"

तेवढ्यात अवर सचिवांनी आदेश वाचायला घेतला. परिषदेचा, विशेषतः याच मातीतले सुपुत्र श्री. धुळाजी गावडे यांचा अनुकूल सल्ला विचारात घेऊन राष्ट्रप्रमुखांनी सदर जमीन मोकळी केली होती. फक्त एक उपचार बाकी होता. हस्तांतराच्या जागी उपस्थितांना शेवटचे विचारायचे. इथे सात दिवस थांबणे शक्य नसल्याने नियमात सात सेकंदांची तरतूद होती.

"कुणाला काही सांगायचं आहे का?" अवर सचिवांनी विचारले आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिले.

पहिल्या सेकंदाला विठ्ठलरावांनी मोबाईल काढला. दुसऱ्या सेकंदाला सुग्रीवला बाहीवर एक दोरा सापडला आणि तो नीट काढणे भाग पडले. तिसऱ्या सेकंदाला भागवत ग्रामसेवकांनी शिक्क्याची डबी उघडून शाई वाळली का ते तपासले. चौथ्या सेकंदाला सगळ्या मंडपाने धुळाजींच्या फोटोकडे पाहिले. आता तरी म्हातारा काही बोलेल, अशी आशा होती. पाचव्या सेकंदाला ही गोष्ट वाचणारी सुजाण मंडळी, कुणीतरी उठेलच म्हणून, पुढच्या ओळीकडे पाहत होती.

सहाव्या सेकंदाला स्वप्ना उठली. अवर सचिवांच्या तोंडातला 'आभार' तोंडातच राहिला. तिने माईक मागितला नाही. आईच्या हातातली पिशवी घेतली, स्टेजवर चढली, हार काढला आणि फोटोला घातला. मग मंडपाकडे नाही, कडूबाईंकडे पाहून म्हणाली,

"आई, आबा नाही म्हणाले होते. लिहायचं मला दोनदा सांगितलं होतं. ग्रामसेवक कार्यालयात होते, मुदत होती, कागद होता. मी लिहिलं नाही. मी पुस्तक वाचत पडले होते."